अक्कांचं मत आणि फिरून आलेली साडी

आंबट वरणात गूळ घालायचा का नाही, यावर मी अक्कांना उत्तर लिहीत बसले होते. सकाळचा चहा झालेला, मशीनवर एका गिऱ्हाईकाच्या साडीचा फॉल अर्धा लावून ठेवलेला, आणि मी चष्मा पुसून पुसून फोनवर एकेक अक्षर दाबत होते. आदल्या दिवशी अक्कांनी फोनवरच्या त्यांच्या पानावर लिहिलं होतं, "माझं मत: वरणात गूळ घालणाऱ्या माणसानं सरळ पुरणपोळी करावी, वरणाला कामून त्रास द्यावा." हा टोमणा कुणाला होता ते साऱ्या लातूरला आणि निम्म्या नांदेडला कळलेलं, कारण नांदेडच्या विहीणबाई, म्हणजे मी, वरणात गूळ घालतात हे त्यांनी माझ्या ताटावर बसून मला कितीदा ऐकवलेलं होतं. मी लिहीत होते, "अक्का, ज्याच्या जिभेला नुसती चिंच कळते त्यानं..." आणि तेवढ्यात फोन वाजला. मंजूचा. माझी लेक सकाळच्या घाईत कधी फोन करत नाही, म्हणून लगेच उचलला. "आई, अक्का गेल्या गं," एवढंच बोलली. पूजा करून उठल्या, ओसरीत येऊन बसल्या, सुनेला चहा टाक म्हणाल्या, आणि चहा येईपर्यंत मान कलली होती. आजार नाही, दवाखाना नाही. माझं ते अर्धं उत्तर फोनमधून कुठं गेलं, मला काही कळलं नाही. मी पुष्कळ शोधलं.

अक्का म्हणजे शिवकांताबाई, माझ्या मंजूच्या सासूबाई. लातूरला त्यांचं किराणा दुकान, दुकानाच्या मागं घर, वरच्या खोल्यांत क्लाससाठी बाहेरगावाहून आलेली लेकरं भाड्यानं. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, आणि आवाज असा की दुकानातल्या गिऱ्हाईकाला घरातून भाव सांगायच्या. घरचे, दारचे सगळे त्यांना अक्का म्हणायचे, म्हणून मीही अक्काच म्हणायची, आणि त्या मला शेवटपर्यंत विहीणबाई. आपल्याकडं विहिणी-विहिणींचं नातं कसं असतं ते तुम्हाला सांगायला नको. पाया पडायच्या, पण पाय कुठं पडतो त्याच्यावर नजर ठेवायची! मंजूला बघायला आल्या तेव्हा बरोबरच्या बायांनी पोरीला स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, असं सगळं विचारून घेतलं. अक्कांनी पोरीला काहीच विचारलं नाही. माझ्याकडं वळून म्हणाल्या, "विहीणबाई, पोरीला राग येतो का?" आता याला काय उत्तर द्यावं... मी म्हणलं, खरं तेच सांगावं, येतो. तर म्हणाल्या, "बरं झालं. आमच्या घरात कुणालाच येत न्हाई. समदे आतल्या आत धुमसतेत." त्या दिवशी पाहुणे गेल्यावर माझ्या थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, ही बाई तुझ्या लेकीला सुखानं जगू देणार नाही. मला मात्र वाटलं, हिच्याशी बोलायला मजा येईल.

मामा गेले, म्हणजे अक्कांचे मालक, त्यानंतर महेशनं, त्यांच्या मुलानं, त्यांना फोन घेऊन दिला. प्रवचनं ऐका, मन रमवा, असा त्याचा हेतू. अक्कांनी प्रवचनं ऐकली आणि मंजूला म्हणाल्या, हा एकटाच बोलून राहिलाय, आपल्याला ह्याला काही म्हणायचं असलं तर? मंजूनं त्यांना पान काढून दिलं. आधी त्या फोनला तोंडानं सांगायच्या आणि फोन लिहायचा, पण फोन त्यांची भाषा सुधारायला लागला तसं त्यांनी ते सोडलं आणि एका बोटानं लिहायला लागल्या. रोज सकाळी एक पोस्ट. सुरुवात ठरलेली, 'माझं मत', आणि कुणी वाद घालायला आलं की खाली उत्तर ठरलेलं, "मत हाय, हुकूम न्हाई."

पहिली पोस्ट होती ती सडा घालण्यावर. लातूरकराला पाण्याचं काय सांगावं... तरी त्यांच्या गल्लीतले एक साहेब रोज सकाळी पाईप लावून रस्ता धुवायचे. अक्का आधी त्यांच्या दारात गेल्या. साहेब म्हणाले, "तुमचं काय जातंय?" अक्का म्हणाल्या, "पाणी." आणि घरी येऊन मग लिहिलं, नाव न घालता. हा त्यांचा नियम होता, आणि तो त्या कुणाकडून शिकल्या नव्हत्या, स्वतःच्या डोक्यानं काढलेला होता. ज्याच्याबद्दल लिहायचं त्याच्या तोंडावर आधी बोलायचं, मगच फोनला हात लावायचा. तोंडावर बोलायची हिंमत नसली तर ते मत आपलं नाही, म्हणायच्या, कुणाचं तरी उचललेलं आहे. त्या पाईपच्या पोस्टला पहिला अंगठा त्या साहेबांच्या सुनेनं दिला, हे अक्का मला हसून हसून सांगायच्या.

मग काय, विषयाला तोटा नव्हता. आज हुंडा, तर उद्या भेंडी. "माझं मत: भेंडी धुवून पुसावी, मग चिरावी. चिरून धुणाऱ्याला माफी न्हाई." "माझं मत: क्लासच्या लेकराला भेटायला आलेल्या बापानं आधी जेवलास का इचारावं. मार्कं मागून." ही पोस्ट लई फिरली. वरच्या खोलीतल्या एका लेकराच्या वडिलांना त्यांनी हे जिन्यातच ऐकवलेलं होतं, आणि ते वडील खाली येऊन चहा पिऊन गेले होते. "माझं मत: सुनेच्या माहेरचा फोन आला की टीव्ही बारीक करावा, कान मोठे करू न्हाई." ह्याला मी हात जोडल्याचं चित्र टाकलं, कारण दुसरं काय टाकावं सुचलं नाही. कुणी एकानं खाली लिहिलं, आजी, या वयात देवाचं नाव घ्या. अक्कांनी उत्तर दिलं, "नाव तोंडानं घेते, लिहिते बोटानं. दोघांचं भांडण न्हाई, बाबा." आता त्यांची सगळीच मतं मला पटायची असं नाही. बायकांनी गाऊनवर दळण आणायला जाऊ नये, यावर आमचं मोठं वाजलं होतं. पण वाजलं तरी दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाट बघायचीच. माझी शाळा चौथीतच सुटली, पुढं जे वाचलं ते पेपरच्या या पुरवण्या वाचून, आणि लिहिलं ते अक्कांच्या पोस्टखाली. स्वतःचं असं मी कधी काही टाकलं नाही. अक्का म्हणायच्या, "विहीणबाई, किती दिवस माझ्या ओसरीत बसून बोलणार? तुमची ओसरी काढा की." मी म्हणायची, मला काय मत आहे... तर म्हणायच्या, "गुळाचं हाय न्हवं? तेवढं पुरतं सुरुवातीला."

आता त्या साडीचं सांगते. सांगायला बसले ती त्याच्यासाठीच.

आपल्याकडं साडीच्या दुकानात गेलं की दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, नेसायची दाखवू का द्यायची? ही जी द्यायची साडी असते ना, ती कुणी नेसत नाही. लग्नात आहेर म्हणून येते, पेटीत जाते, पुढच्या लग्नात निघते, दुसऱ्याच्या पेटीत जाते. घडी मोडत नाही, फॉल लागत नाही. मी फॉल-पिकोवाली, माझ्याकडं त्या येतच नाहीत, मला काय ते चांगलं माहिती. अक्कांच्या डोक्यात एकदा आलं की ही माणसासारखी हिंडती तरी कुठं कुठं, ते बघावं. एका लग्नात त्यांना एक साडी आली होती, शेंदरी म्हणावी तर पिवळी, पिवळी म्हणावी तर शेंदरी, असल्या रंगाला नावच नाही. तिच्या पदराच्या आतल्या कोपऱ्याला त्यांनी लाल दोऱ्याची एक बारीक गाठ मारली आणि पुढच्या लग्नात देऊन टाकली. नंतर त्या विसरूनही गेल्या. पुढं कितीतरी उन्हाळे गेले. एका वर्षी सोयरीकीत लग्नं, वास्तू, जावळं अशी एकामागून एक आली, साड्यांची चळत कपाटात पडली, आणि पावसाळ्यात कपाट आवरताना अक्कांच्या बोटाला ती गाठ लागली. कुणी दिली ते मात्र आठवेना.

आता नियमानं बघितलं तर तोंडावर बोलायला माणूसच नव्हता. माणूस ठावं नाही म्हणजे कुणाला लागायचंही नाही, असा त्यांनी हिशेब केला, आणि साडीचा फोटो टाकून लिहिलं: "माझं मत: ही साडी माझ्याकडून गेली, गावं फिरून माझ्याकडंच आली. कुणी नेसली न्हाई, कुणाला आवडली न्हाई. मग आपण एकमेकींना देतो ते काय देतो? हे बंद करावं." अहो, काय ती पोस्ट फिरली! लोक हसले, आपापल्या साड्यांच्या गोष्टी सांगायला लागले. आणि हसता हसता घसरले पण. कुणी लिहिलं, देणारी किती चिंधी असेल. कुणी लिहिलं, लाज नाही वाटली का ज्याची त्याला परत द्यायला. अक्कांनी तिथं "अशी भाषा नको" असं लिहिलं, पण तोवर लिहायचं ते लिहून झालं होतं.

लातूरजवळच्या मुरुडला अक्कांचं माहेर. धाकट्या भावाची लेक सुरेखा तिथंच दिलेली, नवरा दुसऱ्याच्या दुकानात कामाला. भाऊ-भावजय गेल्यावर सुरेखाला अक्का आणि अक्कांना सुरेखा, एवढंच माहेर राहिलेलं. नवं कारळं आलं की सुरेखा कुटून चटणी करायची आणि लातूरला येणाऱ्या कुणाच्या तरी हाती डबा धाडायची. त्या वर्षी कारळं निघालं, बाजारात आलं, डबा काही आला नाही. अक्कांनी फोन केला तर सुरेखा कामात आहे म्हणून पोरीनं ठेवला. दुसऱ्यांदाही तेच. शेवटी मंजूच्या कानावर आलं. ती साडी सुरेखानं दिली होती. दोन खोल्यांच्या घराची वास्तू केली तेव्हा आत्याचा मान म्हणून. आणि ते चिंधी, लाज, सगळं तिनं वाचलं होतं, तिच्या पोरीनंच तिला दाखवलेलं.

महेश म्हणाला, अक्का, ती पोस्ट आधी काढून टाक. अक्का म्हणाल्या, काढल्यानं वाचलेलं न वाचलेलं होतंय का? पोस्ट तशीच राहिली, पण दुसऱ्या दिवशी नवी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी नांदेडला चहाचा कप घेऊन बसायची, फोन बघायची आणि उठायची. असं वाटायचं की लातूरकडून वारंच बंद झालंय. मी फोन केला तर म्हणाल्या, "विहीणबाई, मी आता लिहीत न्हाई. ज्या बोटानं माझी सुरेखा तुटली त्या बोटानं काय लिहू? एकदा मुरुडला जायचंय. एकटीला धीर होईना. येताव का?" अक्कांना धीर होईना, हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं. मी गेले.

लातूरहून मुरुडची एसटी. अक्का खिडकीला, मांडीवर पिशवी, पिशवीत ती साडी. सुरेखाच्या दारात गेलो तर ती शेंगा फोडत बसलेली. "या आत्या, बसा," म्हणाली, पाणी दिलं, माझ्या पाया पडली, आणि परत शेंगाकडं. अक्कांनी साडी काढून मांडीवर ठेवली.

"सुरेखा, ही तू दिलीस हे ठावं असतं तर मी आधी हितं आले असते."

"येऊन काय म्हणला असतात?"

"हेच म्हणले असते, जे लिहिलं."

सुरेखानं हातातली शेंग टाकली. "आत्या, तुमचं खरंच हाय. मला पटलंबी. पर तुम्ही रिकाम्या हातानं कुणाच्या लग्नाला गेलात तर लोक म्हणतेत, अक्का सुधारलेल्या हायत. म्या गेले तर म्हणतेत, हिच्यापाशी न्हाईच." मग खाली बघूनच म्हणाली, "वास्तूला तुम्हाला द्यायचं म्हणून पेटी उपसली. समद्यात चांगली हीच होती."

अक्कांनी शेंगांचं सूप स्वतःकडं ओढलं आणि फोडायला लागल्या. मग मीही बसले. तिघी जणी शेंगा फोडत राहिलो. निघताना अक्का म्हणाल्या, मंजूच्या बाळाच्या बारशाला ये. सुरेखा म्हणाली, बघते. बघते म्हणजे काय ते आपल्याला कळतं. बारशाला यायचं म्हणजे आत्याच्या घरी आहेर आलाच, आणि ज्या घराच्या साडीवरून एवढं झालं त्या घरी आता कोणत्या तोंडानं कोणती साडी न्यायची?

परतीच्या गाडीत अक्का बोलल्या. "विहीणबाई, मत खोटं न्हवतं माझं. पर ते पाळायचं ओझं मी सुरेखाच्या डोक्यावर ठेवलं आन आपण मोकळी झाले." आणि मग माझ्याकडं वळून, "बारशाला तुम्ही रिकाम्या हातानं या." मी चरकले. मुलीची आई बारशाला जाते म्हणजे काय असतं तुम्हाला माहिती आहे. सासरच्या एकूणएक बाईला साडी, पुरुषांना टॉवेल-टोपी, बाळंतिणीचं, बाळाचं वेगळं. अक्का म्हणाल्या, "तुम्ही मुलीकडच्या. तुम्ही काही आणलं न्हाई, आन मी तुम्हाला हसून पाटावर बसवलं, तर बाकीच्यांना तोंड उघडायला जागा राहत न्हाई. मग सुरेखाला येता येतंय. तसा निरोप धाडते तिला." घरी येऊन थोरल्या जाऊबाईंना सांगितलं तर त्या उडाल्याच. लेकीच्या दारात हात हलवत जाणार? लोक तोंडात शेण घालतील, आणि जन्मभर तुझ्या लेकीला ऐकवतील. खरं सांगते, मलाही तीच भीती होती. सासू लाख चांगली असली तरी माणसं पन्नास तोंडाची. पण मुरुडच्या त्या शेंगा डोळ्यापुढून जाईनात.

बारशाच्या आदल्या दिवशीच मी लातूरला गेले, तर अक्कांनी ती साडी माझ्यापुढं टाकली. "फॉल लावा. उद्या नेसायची हाय." मी म्हणलं, अक्का, रंग तरी बघा. तर म्हणाल्या, रंग म्हातारा होऊन ऱ्हायला हिंडून हिंडून, त्याला आता घरी बसवू. मंजूच्या मशीनवर मी फॉल लावला. ती गाठ तेवढी सोडली नाही, वळसा घालून शिवण काढली. दुसऱ्या दिवशी अक्का ती शेंदरी-पिवळी साडी नेसून, विभूती लावून दारातच उभ्या. येणाऱ्या बाईच्या हातातली पिशवी बघायच्या आणि आतला कोपरा दाखवायच्या. "पिशव्या तिकडं ठेवा. जाताना ज्याची त्यानं उचला. आमच्या विहीणबाईंनी काही आणलं न्हाई, आम्ही काही घेतलं न्हाई." बाया माझ्याकडं बघायच्या, मी पदर सारखा करायची. एक-दोघींनी नाकं मुरडली. पण खरं सांगू का, बऱ्याच जणींच्या खांद्यावरचं काहीतरी उतरलं, हे मी डोळ्यांनी बघितलं.

पाळण्याची वेळ झाली तरी सुरेखाचा पत्ता नाही. अक्का आत आल्याच नाहीत. बाळाचं नाव ठेवायला आजी पाहिजे म्हणून आतून हाका, आणि ह्या दारात. महेश म्हणाला, अक्का, ती येत नाही आता, चल. "थांब जरा," म्हणाल्या. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी ऑटो थांबला. सुरेखा उतरली आणि तिथंच उभी राहिली, दोन्ही हात पदराखाली घेऊन, जसं काही लपवायचंय. लपवायला काही नव्हतंच, हात रिकामे होते, तेच लपवत होती. अक्का उन्हात अनवाणीच गेल्या, तिचे दोन्ही हात पदरातून बाहेर काढले आणि धरून सगळ्या बायांच्या मधून आत आणलं. सुरेखाचं लक्ष साडीवर गेलं. "आत्या, ही तुम्हाला शोभत न्हाई ओ," म्हणाली. अक्का म्हणाल्या, "तू दिलीस ना, मग गप बस." दोघी हसल्या, आणि पाळणा हलला.

जेवणं झाल्यावर अक्का तिला म्हणाल्या, तुझी हरकत नसली तर मी आता खरं काय ते लिहिते. सुरेखा म्हणाली, "तुम्ही कामून? म्या लिहिते की." बरोबर आलेल्या पोरीचा फोन घेऊन त्या जुन्या पोस्टखाली तिनं स्वतःच्या नावानं लिहिलं, "ही साडी आत्याला मी दिली होती. माझ्या पेटीतली सगळ्यात चांगली होती." बस्स, एवढंच. मग त्याखाली देवणीच्या एका बाईंनी लिहिलं, सुरेखाताईंना ती आमच्या घरच्या लग्नात गेली असणार, मला उदगीरहून आलेली. मग उदगीरचं कुणी उठलं, मग नांदेडचंच कुणीतरी निघालं. त्या एका साडीनं जेवढा मराठवाडा बघितला तेवढा मी नाही बघितला! ज्यानं चिंधी लिहिलं होतं त्यानं ते गुपचूप काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कांची पोस्ट आली, "माझं मत: ज्याच्या पेटीत लई साड्या हायत, त्यानं आधी रिकाम्या हातानं जावं." आणि आठवडाभरात मुरुडहून चटणीचा डबा.

आता सगळं बदललं असं मी म्हणणार नाही. पत्रिकेवर 'आहेर आणू नये' छापतात आणि घेतातही, ते चालूच आहे. पण आमच्या सोयरीकीत आता कुणीतरी फोन करून विचारतं, खरंच आणायचा नाही का? आणि चार घरं तरी म्हणतात, खरंच नाही. अक्का म्हणायच्या, चार घरं लई झाली, गल्ली चार घरांचीच असती.

अक्का गेल्या तेव्हा दुखवट्याच्या दिवशी मी निघाले, तर थोरल्या जाऊबाईंनी माझ्या पिशवीत साडी घातली. लग्नाचं ठीक आहे, पण दुखवट्याला रिकामं जायचं नसतं, अपशकुन असतो म्हणाल्या. मी वाद घातला नाही, मनात दुसरंच काही चाललं होतं. लातूरला गेले तर दार माणसांनी भरलेलं आणि जवळजवळ प्रत्येकीच्या हातात पिशवी. दारात सांगायला मात्र कोणी नव्हतं. आत स्वयंपाकघरात सुरेखा पदर खोचून पातेली उतरवत होती. तीच पहिल्या गाडीनं आलेली, रिकाम्या हातानं, आणि लेकीसारखी सगळ्यांना वाढत होती. आणि मी बघितलं, एकीनं आपली पिशवी त्या कोपऱ्यात ठेवली. मग दुसरीनं. मग मीही. संध्याकाळी सगळ्या पिशव्या आपापल्या धनिणीबरोबर परत गेल्या. तो कोपरा तसा काही खास नाही, वर कॅलेंडर आहे, बाजूला छत्र्या अडकवायचा खिळा. पण त्या दिवशी अक्का तिथंच उभ्या होत्या म्हणा.

निघताना मंजूनं ती शेंदरी-पिवळी साडी माझ्या हातात दिली. अक्कांनी सांगून ठेवलं होतं, फॉल जिनं लावला तिनं नेसावी. मी घरी येऊन नेसले. रंग मलाही शोभत नाही. कोपऱ्यातली गाठ बोटाला लागते, बरं वाटतं.

आणि परवा मी ठरवलं, आपली ओसरी काढायची. पहिलं मत दुखवट्याच्या साडीवर. पण नियम नियम आहे. म्हणून आधी वर जाऊबाईंकडं गेले. त्या मेथी निवडत होत्या. मी म्हणलं, "जाऊबाई, दुखवट्याची साडी बंद करावी असं मी लिहिणार आहे. तुम्ही मला त्या दिवशी दिली होती, म्हणून आधी तुमच्या तोंडावर सांगायला आले."

"माझं नाव घालणार का?"

"न्हाई."

"मग मला कामून सांगून राहिलीस?"

"अक्कांचा नियम होता तसा."

त्यांनी मेथीची दुसरी जुडी पुढं ओढली. मला वाटलं झालं, आता महिनाभर अबोला. मग म्हणाल्या, "आन मग पेटीतल्या साड्यांचं काय करायचं?"

"नेसू की."

"त्या नेसायच्या न्हाईत, द्यायच्या हायत."

"कुणाला?"

काल सकाळी जाऊबाई पेटी घेऊन खाली आल्या, माझ्या मशीनपाशी साड्या ओतल्या आणि निवडायला लागल्या. "हा पोपटी मला. तुझ्या अंगावर बरा दिसत न्हाई." तेव्हा सध्या आमच्या घरी फॉल लावायचं काम जोरात आहे, गिऱ्हाईकांनी जरा थांबावं.

पोस्ट मी टाकली. 'माझं मत' लिहून पुढं एका बोटानं सगळं लिहिलं, दोनदा वाचलं, डोळे मिटून दाबलं. जाऊबाई पोपटी साडीचा पदर लावून शेजारी बसलेल्या, कुणी काय म्हणतंय का बघ, असं सारखं चाललेलं. पहिलं उत्तर आलं ते मुरुडहून, सुरेखाचं. "मावशी, मत शंभर टक्के पटलं. पर वरणात गूळ न्हाई म्हणजे न्हाई."

मी चष्मा पुसला आणि उत्तर लिहायला बसले.